टीपीआर शीटवरचे '२०' : नागपूरच्या रुग्णालयांच्या खरेदी समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता, वैद्यकीय अधीक्षक आणि यंत्रसामग्री खरेदी समित्यांचे सदस्य,
नागपुरातील शासकीय व महापालिका रुग्णालये.

विषय : रुग्णाला हात न लावता, रडारच्या लहरींनी श्वास आणि नाडी मोजणारी यंत्रे.

स.न.वि.वि.

मी निवृत्त परिचारिका आहे. चौतीस वर्षं याच शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात काढली. त्यातली बरीचशी पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात, काही जळीत वॉर्डात आणि शेवटची सहा नवजात कक्षात. सुरुवातीलाच एक कबुली देते, म्हणजे मी कुठून बोलते आहे ते कळेल. या चौतीस वर्षांत टीपीआर शीटवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास लिहायच्या तक्त्यावर, श्वासाच्या रकान्यात मी हजारो वेळा '२०' लिहिलं. त्यातलं मोजून लिहिलेलं किती, ते सांगायला लाज वाटते.

तुमच्यापैकी जे डॉक्टर आहेत त्यांना यात नवीन काही नाही. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी बोटाला लागते, बीपीचं यंत्र आहे, सॅच्युरेशनचा चिमटा आहे. श्वासाला काहीच नाही. श्वास मोजायचा म्हणजे घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत उभं राहायचं. त्यात रुग्णाला कळलं की सिस्टर आपल्या छातीकडे बघतेय, की त्याचा श्वास लगेच शहाण्यासारखा चालू लागतो. म्हणून आम्हाला शिकवलं होतं, मनगट धरून नाडी बघत असल्याचं नाटक करायचं आणि नजर छातीवर ठेवायची. चाळीस खाटा, त्यावर फ्लोअर बेड वेगळे, नाइटला दोन सिस्टर. नुसत्या श्वासाला चाळीस मिनिटं कुठून आणायची? मग अख्खा वॉर्ड विसाने श्वास घेतो. अॅपेंडिक्सचा पोरगा २०, दम्याचे आजोबाही २०. अधूनमधून १८ आणि २२ लिहिणारी सिस्टर म्हणजे जरा कल्पक, एवढंच.

हे दुखणं फक्त आपलं नाही. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात श्वासाच्या गतीला 'दुर्लक्षित' लक्षण म्हणणारा लेख आला होता. म्हणजे तिकडच्या सिस्टरांचाही हात विसावरच बसलेला असावा.

एका रात्रीची गोष्ट सांगते. काटोलकडचे एक काका न्यूमोनियाने भरती होते. दहाला २०, रात्री दोनला २०. चारच्या सुमाराला त्यांची बायको टेबलाशी येऊन उभी राहिली. "सिस्टर, यायचा दम लय लागून राह्यला." मी गेले, पहिल्यांदाच घड्याळ धरून मोजलं. ३६. हाऊसमनला उठवलं, ऑक्सिजन लावला, आयसीयूत हलवलं. तिसऱ्या दिवशी काका गेले. वेळेत मोजलं असतं तर वाचले असते का, ते मला माहीत नाही, आणि कुणी तसं सांगितलं तरी मी विश्वास ठेवणार नाही. पण दोन वाजताच्या त्या विसावर सही माझी आहे.

माणूस अचानक बिघडत नाही. बीपी पडायच्या, शुद्ध हरपायच्या कितीतरी आधी श्वासाची गती चढू लागते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारलेल्या धोकासूचक गुणतक्त्यात मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य गुण आहेत, २१ ते २४ ला दोन, आणि २५ किंवा त्याहून जास्त असले की सरळ तीन. आमचा लाडका '२०' नेमका शून्य गुणांच्या काठावर बसतो. सगळं आलबेल आहे असं सांगायला याहून सोयीचा आकडा शोधून सापडायचा नाही.

श्वास मोजण्याला जीव वाचवण्याची किंमत आहे, हे आपल्या विदर्भातल्याच एका जिल्ह्याने कधीच दाखवून दिलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी श्वासमापक बनवला. एका मिनिटाची वाळूघडी आणि ओळीत ओवलेले मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५० आणि पाच वर्षांच्या आत ४० ही जागतिक आरोग्य संघटनेची सीमा. ती मण्यांत बसवली की शाळेची पायरी न चढलेली दाईही निदान करते. आणि आम्ही नर्सिंगची जीएनएम पदविका घेतलेल्या, सरकारी पगार घेणाऱ्या बाया २० लिहीत होतो.

तर आता रडारकडे वळते. आज ना उद्या कुठल्याशा कंपनीच्या सीएसआरमधून किंवा जिल्हा नियोजनाच्या निधीतून ही यंत्रं तुमच्या टेबलावर येणार आहेत. छताला नाहीतर भिंतीला चिकटवायची तळहाताएवढी डबी. वायर नाही, चिकटपट्टी नाही, रुग्णाला कळतही नाही. मी या यंत्रांच्या विरोधात नाही. उलट, मला ती हवी आहेत. म्हणूनच लिहिते आहे.

माझी भाची इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. प्रोजेक्टसाठी तिने असला एक छोटा रडार बोर्ड मागवला आणि मला सोप्या शब्दांत समजावलं. ते तसंच सांगते, कारण समितीत सगळेच काही डॉक्टर-इंजिनिअर नसतात.

डबीतून रेडिओलहर निघते, छातीवर आपटून परत येते. श्वास घेताना छाती साधारण ४ ते १२ मिलिमीटर पुढे येते. हृदयाच्या ठोक्याने ती हलते जेमतेम मिलिमीटरचा दहावा हिस्सा ते अर्धा मिलिमीटर, म्हणजे एक ते पाच कागदांच्या जाडीइतकी. आता ६० गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी असते फक्त ५ मिलिमीटर. छाती १ मिलिमीटर पुढे आली की लहरीची जायची-यायची वाट मिळून २ मिलिमीटरने कमी होते. पाचातले दोन. म्हणजे परत आलेली लहर ३६० अंशांच्या फेऱ्यात १४४ अंशांनी सरकलेली दिसते. एवढं सरकणं चिप आरामात ओळखते. नजरेला न दिसणारी हालचाल फेजच्या, म्हणजे लहरीच्या या सरकण्याच्या, मोजपट्टीवर ढळढळीत दिसते, ती अशी.

५ मिलिमीटरच्या लहरी काही कॅलिफोर्नियात जन्मल्या नाहीत. १८९० च्या दशकात जगदीशचंद्र बोस कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्या तयार करत होते आणि १८९५ मध्ये त्यांनी लोकांसमोर अशा न दिसणाऱ्या लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली. श्वास मोजायचा विचारही जुना आहे. १९७१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात रडारवर चालणाऱ्या, न शिवता श्वास थांबल्याचं ओळखणाऱ्या यंत्राची माहिती आली. १९७५ मध्ये अमेरिकेत जेम्स लिन यांनी मायक्रोवेव्हने श्वास मोजल्याचं प्रसिद्ध केलं. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात चौतारा गावी विटामातीच्या ढिगाऱ्याखालचे चार पुरुष जिवंत असल्याचा माग नासाच्या 'फाइंडर' नावाच्या रडारने त्यांच्या ठोक्यांवरून काढला. त्याच वर्षी एमआयटीच्या दिना कताबी यांच्या गटाने ८ मीटरवरून श्वास आणि ठोके मोजून दाखवले, अचूकता साधारण ९९ टक्के. २०२१ पासून गूगलचं उशाशी ठेवायचं एक यंत्र असल्याच चिपने झोप मोजतं. थोडक्यात, तत्त्वाबद्दल शंका घ्यायला जागा उरलेली नाही. माझी शंका आपल्या वॉर्डाबद्दल आहे.

आधी फायदा कुठे होईल ते सांगते, नाहीतर म्हातारी नवीन काही येऊ देत नाही असं व्हायचं.

जळीत वॉर्डात छातीवर कातडीच नसते, तिथे ईसीजीचं स्टिकर लावायचं कुठे? अवेळी जन्मलेल्या बाळाची त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी. स्टिकर काढताना ती बरोबर येते आणि तिथूनच जंतूंना वाट मिळते. ते स्टिकर तेल लावून, भिजवून, श्वास रोखून मी काढले आहेत. अशी बाळं मध्येच श्वास घ्यायला विसरतात. वीस सेकंद किंवा जास्त थांबला तर आम्ही त्याला अॅप्निया म्हणतो (इथेही वीसच). रात्रभर त्या थांबण्यावर कुणीतरी न शिवता डोळा ठेवून असेल, तर डागासारख्या बाळंतपणाच्या रुग्णालयात त्याचं मोल मोठं आहे.

आणि आपला उन्हाळा. नवतपात पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो, उष्माघाताच्या कोल्ड वॉर्डात रुग्ण घामाने निथळत असतो, आणि तीन लीडपैकी दोन स्टिकर गळून उशीखाली जातात. मॉनिटर कोकलत राहतो, सिस्टर येऊन गप्प करते. रडारला घामाने असं काही होत नाही. शिवाय बोटाचा चिमटा सावळ्या त्वचेवर ऑक्सिजन असतो त्याहून जास्त दाखवण्याची शक्यता असते, हे अमेरिकेतल्या २०२० च्या एका अभ्यासाने पुढे आणलं. रडारला कातडीचा रंग दिसतच नाही. बायकांच्या वॉर्डात कॅमेरा लावायची कल्पनाही कुणी करू नये. रडार चित्र काढत नाही, हीही मोठी सोय.

लहरींची भीती मात्र कुणी घालू नये. या चिपची शक्ती मिलिवॅटमध्ये मोजायची. खिशातला मोबाइल बोलताना याहून कितीतरी जास्त फेकतो. आणि या लहरी एक्स-रेसारख्या पेशींची तोडफोड करणाऱ्या नव्हेत.

आता माझ्या घरातला प्रयोग. मे महिन्यातली दुपार. भाचीने बोर्ड भिंतीला चिकटवला आणि आमच्या ह्यांना दिवाणावर झोपवलं. पंखा बंद, कूलर बंद. मी घड्याळ धरून मोजलं, १६. बोर्डवर १६. नाडी माझ्या बोटाला ७२, बोर्डवर ७१. भाची खूश, मीही खूश, फक्त हे घामाने भिजलेले. मग मी म्हटलं, आता वॉर्डात असतं तसं कर. कूलर लाव, पंखा चारवर ठेव, दिवाणाच्या दांडीवर ओला पंचा वाळत घाल. आकडा नाचायला लागला. २४, ११, ३०. हे कंटाळून पाणी प्यायला उठले. दिवाण रिकामा, आणि बोर्ड शांतपणे सांगत होता, श्वास १८.

पंचा श्वास घेत होता! कूलरच्या झोतावर मिनिटाला अठरा वेळा मागेपुढे झुलत होता. त्यात ओला. पाण्यावरून लहर जोरात परतते, म्हणून बोर्डच्या दृष्टीने खोलीतला सगळ्यात ठळक प्राणी तोच होता. मेलेल्या माणसाच्या खाटेवर ओली चादर झुलत असेल तर हे यंत्र त्याला जिवंत म्हणेल का, असं मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, फिल्टर लावता येतात, सॉफ्टवेअर शिकवता येतं." येत असेल. मग शिकवून आणावं, नंतर विकावं.

विक्रेत्याच्या सादरीकरणातला फोटो तुम्ही बघाल. एसी खोली, पांढरी चादर, एक माणूस, एक डबी. आपल्या वॉर्डात एका खाटेवर कधी दोन रुग्ण असतात, हे मी चारचौघांत सांगतेय असं समजू नका. तुम्हालाही ते माहीत आहे. सामान्य खाट तीन फूट रुंद, म्हणजे ९० सेंटिमीटर. २४ गिगाहर्ट्झच्या स्वस्त रडारला लहरींच्या त्या पट्ट्यात (बँडमध्ये) २५० मेगाहर्ट्झच रुंदी मिळते, आणि तेवढ्यात त्याला पुढेमागे ६० सेंटिमीटरपेक्षा जवळच्या दोन वस्तू वेगळ्या ओळखता येत नाहीत. दोन रुग्णांची त्याच्या लेखी एकच छाती. ६० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ४ गिगाहर्ट्झ रुंदी वापरता येते, तिथे हा फरक पावणेचार सेंटिमीटरपर्यंत खाली येतो. पण डबी डोक्यावर छताला लावली तर शेजारीशेजारी झोपलेले दोघंही तिच्यापासून सारख्याच अंतरावर येतात, आणि अंतराचा सगळा शहाणपणा फुकट जातो. बाजूच्या भिंतीवर लावली तर काम होईल. म्हणजे कुठली डबी घ्यायची यापेक्षा ती कुठे ठोकायची, हा प्रश्न मोठा, आणि त्याचं उत्तर निविदेत नाही, वॉर्डात आहे. खाटेखाली झोपलेला नातेवाईक सुटेल, कारण खाटेचा पत्रा लहर अडवतो. खाटेला डोकं टेकून बसलेली बायको नाही सुटणार. तिचा श्वास नवऱ्याच्या नावावर जमा होईल.

नाडीबद्दल तर मी आणखी सावध आहे. श्वासाची हालचाल हृदयाच्या हालचालीहून दहापट, वीसपट मोठी. आणि छाती काही घड्याळाच्या लंबकासारखी गुळगुळीत हलत नाही, त्यामुळे श्वासाच्या गतीच्या तिप्पट, चौपट गतीचे बारीक पडसादही लहरीत उमटतात. मिनिटाला २० श्वास असतील तर पडसाद ६० ला आणि ८० ला. निरोगी माणसाची नाडी कुठे असते? नेमकी तिथेच. यंत्र श्वासाच्या सावलीला नाडी समजून ८० दाखवेल आणि कुणाला संशयही येणार नाही, कारण ८० हा नाडीचा '२०' आहे. चांगल्या यंत्रांत यावर उपाय असतात. तरीही माझं मत स्पष्ट सांगते. ही डबी श्वासासाठी घ्या, नाडीसाठी नको. नाडी मोजायला आपल्याकडे दुसरी साधनं आहेत, श्वासाला नाही.

श्वासातही एक खोच आहे. घोरणाऱ्या जाड माणसाचा घसा झोपेत बंद होतो, तेव्हा छाती-पोट जीव खाऊन हलत असतं पण हवा आत जात नाही. रडार हालचाल बघतं, हवा नाही. त्याच्या लेखी हा माणूस श्वास घेतोय. म्हणून सॅच्युरेशनचा चिमटा काढून टाकायचा विचार कुणी केला तर त्याला तिथेच थांबवा. रडारला रक्तातला ऑक्सिजन मोजता येत नाही. गंमत अशी की ६० गिगाहर्ट्झची लहर हवेतला ऑक्सिजन थोडीशी शोषून घेतो. वॉर्डाच्या अंतरात ते नगण्य असतं, पण कुणी चतुर विक्रेता त्यावरून "आमचं यंत्र ऑक्सिजन ओळखतं" म्हणाला, तर त्याला चहाही न पाजता परत पाठवा. बीपीचेही दावे होतील. त्याला निदान चहा पाजा.

आता माझी मुख्य मागणी, जिच्यासाठी एवढी शाई खर्च केली. रुग्ण कूस बदलतो, खोकतो, बेडपॅन मागतो, दुखण्याने तळमळतो. त्या वेळी छातीची हालचाल अंगाच्या हालचालीत बुडून जाते आणि कुठलंच रडार खरा श्वास सांगू शकत नाही. प्रामाणिक यंत्राने अशा वेळी पडदा कोरा ठेवायला हवा. पण कोरा पडदा विकायला अवघड. म्हणून काही यंत्रं मागचाच आकडा धरून ठेवतात, आजूबाजूच्या आकड्यांची सरासरी लावतात, आणि पडद्यावर सदोदित काहीतरी झळकत राहतं. हे मी ओळखते. रकाना रिकामा दिसायला नको म्हणून भरलेला आकडा मी चौतीस वर्षं लिहिला आहे. सुपरवायझर मॅडम राउंडला आल्या की त्यांना शीट भरलेलं हवं असायचं, खरं असायला हवं असं काही नव्हतं. तीच सवय लाखभर रुपये मोजून छताला टांगायची असेल, तर माझा बॉलपेन तीन रुपयांचा होता.

म्हणून निविदेत हे लिहाच: सिग्नल नीट नसेल तेव्हा आकडा दिसता कामा नये, आणि चोवीस तासांत किती वेळ आकडा नव्हता याची नोंद यंत्राने ठेवली पाहिजे. "आमची अचूकता इतके टक्के" म्हणणाऱ्याला विचारा, कोऱ्या वेळा धरून की वगळून? यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

कागदपत्रांचं तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं, म्हणून थोडक्यात. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली नोंद किंवा परवाना आहे का, की 'वेलनेस'च्या नावाखाली आणलेलं खेळणं आहे, ते तपासा. रेडिओलहरींसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीची मंजुरी बघा. २०१९ मध्ये ६० गिगाहर्ट्झचं रडार असलेला गूगलचा पिक्सेल ४ भारतात विकायला आलाच नाही, आणि या पट्ट्याची परवानगी हेच कारण तेव्हा बातम्यांत होतं. एवढ्या मोठ्या कंपनीचं तसं, तर ऑनलाइन मागवलेल्या डबीचं काय?

संमतीचा प्रश्न मात्र थोडक्यात सुटणारा नाही. मी वर म्हटलं की रुग्णाला कळत नाही हाच या यंत्राचा गुण. आम्हीही नाडीचं नाटक करून छाती बघत होतो. पण त्या वेळी मी त्याच्या समोर उभी होते, माझा हात त्याच्या मनगटावर होता. डबी कुणाला दिसत नाही, ती रात्रभर बघते, आणि जे बघते ते दुसऱ्या शहरातल्या कुठल्या कॉम्प्युटरवर जातं हे वॉर्डातल्या सिस्टरलाही माहीत नसतं. श्वासावरून कोण जागं आहे, कोण झोपलंय, खाटेवर किती माणसं आहेत, हे सगळं कळतं. २०२२ मध्ये कताबींच्याच गटाने झोपेतल्या श्वासावरून पार्किन्सन्स ओळखण्याचं काम प्रसिद्ध केलं. विज्ञान म्हणून मला ते थक्क करतं. पण मलेरियासाठी भरती झालेल्या माणसाच्या श्वासातून त्याचा उद्याचा आजार वाचून तो विमा कंपनीपर्यंत पोचायचा नसेल, तर डेटा कुणाचा आणि किती दिवस ठेवायचा हे आधी ठरवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. केस पेपरवर बारीक अक्षरात एक ओळ टाकून अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. खाटेवर मराठीत आणि हिंदीत पाटी लावा: 'वरची डबी तुमचा श्वास मोजते. नको असेल तर सिस्टरला सांगा, बंद करतील.' आणि खरंच बंद करता येईल असं बटण हवं.

माणसांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. फाइलवर कुणीतरी लिहील, यंत्र आल्यामुळे एक सिस्टर कमी चालेल. रात्री चारला यंत्र ओरडेल, खाट क्रमांक २३, श्वास ३६. मग काय? ऑक्सिजन कोण लावणार? त्या काकांच्या बायकोने मला बोलावलं तेव्हा मी पंधरा पावलांवर होते म्हणून पोचले तरी. चाळीस डब्या लावून एकच सिस्टर ठेवली तर ती पहिल्या आठवड्यात आवाज बंद करायला शिकेल. मीही शिकले असते. कुठल्या आकड्याला यंत्राने ओरडायचं, कुणाच्या फोनवर, आणि पाच मिनिटांत कुणी आलं नाही तर पुढे कुणाच्या, हे वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरला बसवून ठरवा. तुमच्या समितीत स्टोअरकीपर असतो, लेखाधिकारी असतो. सिस्टर असते का?

आणि घ्यायच्या आधी चाचणी. ती कंपनीच्या खोलीत नको, तुमच्या सगळ्यात गर्दीच्या वॉर्डात हवी. एकदा जानेवारीत, रुग्ण दोन ब्लँकेटांत गुंडाळलेले असताना. एकदा नवतपात, कूलर पूर्ण जोरात, पंखे चालू, खाटेच्या दांड्यांवर ओली धोतरं. एकदा कोल्ड वॉर्डात, रुग्णाच्या अंगावर ओली चादर असताना. दर तासाला एका माणसाने घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचा, यंत्राचा आकडा न बघता, आणि दोन्ही शेजारीशेजारी लिहायचे. रिकाम्या खाटाही मोजणीत धरायच्या, पंच्यासकट. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरंपोरी आकडेमोड आनंदाने करतील. त्यांनाही प्रोजेक्ट हवेच असतात, आणि दुसऱ्या देशातल्या शांत खोलीत गोळा केलेल्या आकड्यांवर पेपर लिहिण्यापेक्षा हे बरं.

मोजायला माणूस मिळत नसेल तर मी आहे. मानधन नको, वॉर्डात बसायला एक खुर्ची आणि चहा पुरे. माझं जुनं सेकंदकाट्याचं घड्याळ अजून चालतं, भाचीने सेल बदलून दिलाय. रात्रपाळी दिलीत तर बरं, दिवसा राउंड आणि भेटीला येणारे यांच्यात मिनिटभर सलग उभं राहू देत नाहीत. दोन वाजता आणि चार वाजता मात्र मी स्वतः मोजेन, ते दुसऱ्या कुणावर सोपवू नका.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
नागपूर